हिवाळ्यात तुळजापूरच्या घाटातून अप-डाऊन : सोलापुरातून नव्याने ये-जा सुरू करणाऱ्यांसाठी

नोकरीची ऑर्डर हाती पडते, ठिकाण तुळजापूर किंवा धाराशिव निघते आणि बिऱ्हाड मात्र सोलापुरातच ठेवायचे ठरते. मुलांची शाळा, घरातील वडीलधारी माणसे, जोडीदाराची नोकरी अशी कारणे ज्याची त्याची वेगळी असतात. मुख्यालयी राहण्याच्या नियमाचा विषय इथे काढत नाही. तो ज्याचा त्याने आपल्या साहेबांशी मिटवावा. सोलापूर ते तुळजापूर हे अंतर सुमारे ४५ किलोमीटर आणि धाराशिव त्याच्या पुढे आणखी वीस-पंचवीस किलोमीटर आहे. रस्ता चौपदरी राष्ट्रीय महामार्गाचा आहे आणि तुळजापूर जवळ आले की तो बालाघाटच्या डोंगररांगेवर चढतो. ही चढण दीड-दोनशे मीटरपेक्षा फारशी जास्त नाही. वरंधा किंवा आंबेनळी घाटातून गाडी चालवलेल्या माणसाला हा घाट घाट वाटणारही नाही आणि नवख्यांची गफलत नेमकी तिथेच होते. इथला धोका चढाचा किंवा दरीचा नसून न दिसणाऱ्या गोष्टींचा आहे. धुके, दिवे नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या, पहाटे अनवाणी चालणारे भाविक आणि उलट्या दिशेने येणारी दुचाकी या सगळ्यांची गाठ नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात एकाच रस्त्यावर पडते.

आधी हवामान समजून घ्यावे

इंटरनेटवर हिवाळ्यातील घाटप्रवासाचे जे सल्ले मिळतात, ते बहुतेक बर्फाच्या प्रदेशांसाठी लिहिलेले असतात. चाकांना साखळ्या बांधणे, डिझेल गोठू नये म्हणून औषध घालणे वगैरे प्रकारांचा सोलापूरकरांशी काही संबंध नाही. इथे थंडीच्या लाटेत पारा दहा अंशांच्या आसपास उतरला तरी दुपारी ऊन चटके देते. दिवस-रात्रीच्या तापमानातील हा मोठा फरकच आपल्याकडील धुक्याला कारण होतो. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की रात्री जमीन झपाट्याने निवते, तिच्यालगतची दमट हवाही थंड होते आणि त्या हवेतील बाष्पाचे धुके बनते. त्यामुळे तलावाकाठी, नदी-ओढ्यांच्या पुलांवर, पाणी दिलेल्या उसाच्या व ज्वारीच्या रानांजवळ आणि घाटाच्या पायथ्याशी असलेल्या खोलगट भागात ते आधी साठते.

या मार्गावर शहर सोडल्यानंतर थोड्याच वेळात हिप्परगा तलावाचा परिसर लागतो आणि धुक्याची पहिली परीक्षा बहुधा तिथेच होते. तिथून पुढे रस्ता मोकळा दिसला म्हणून घाटही मोकळा असेल असे समजू नये. कधी धुके खाली साठलेले असते आणि वर तुळजापुरात स्वच्छ ऊन असते, तर कधी ढगाळ हवेत पायथा मोकळा आणि घाटमाथा ढगात बुडालेला असतो. म्हणून आपल्या गच्चीवरून आकाश पाहून काढलेल्या अंदाजाला फारशी किंमत नाही. तुळजापुरात राहणारा एखादा सहकारी किंवा कार्यालयाचा रखवालदार यांच्याशी एवढी ओळख ठेवावी की सकाळी सहा वाजता विचारले तरी तो खिडकी उघडून पाहील आणि सांगेल.

आणखी एक गोष्ट नवख्यांना चकवते. सूर्य उगवला की धुके लगेच विरेल असे वाटते. प्रत्यक्षात सूर्योदयाच्या सुमारास आणि त्यानंतर काही वेळ ते बहुधा सर्वांत दाट असते. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पावणेसात ते सातच्या दरम्यान सूर्य उगवतो. ऊस तोडलेल्या फडात पाचट पेटवलेले असेल तर त्याचा धूरही थंड हवेत वर न जाता रस्त्यावरच रेंगाळतो. धूर आणि धुके एकत्र आले की गाडीपुढचे बॉनेट सोडून काही दिसत नाही.

निघण्याची वेळ ठरवणे

राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि वेळ सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा अशी झाली. या वेळेच्या माणसाने सोलापुरातून साडेआठला निघाले तर धुक्याचा जोर बहुधा ओसरलेला असतो. घाई नको म्हणून सव्वाआठला निघावे, पण फार लवकर निघून धुक्यात शिरण्यात शहाणपण नाही. खरी अडचण शिक्षकांची आहे. शनिवारी सकाळची शाळा असेल तर सहाच्या आत घर सोडावे लागते, म्हणजे अर्धा प्रवास अंधारात आणि घाट ऐन धुक्यात येतो. अशा शिक्षकांनी शनिवारपुरती एसटी धरावी हे उत्तम. नाहीतर शुक्रवारी रात्री शाळेच्या गावाजवळ मुक्कामाची सोय होते का ते पाहावे.

उशीर झाला तर काय, हे धुक्यात अडकल्यावर ठरवायचे नसते. हिवाळा सुरू होतानाच वरिष्ठांशी बोलून ठेवावे की धुके असेल त्या दिवशी फोन करून अर्धा तास उशिरा येईन आणि संध्याकाळी तेवढे थांबेन. लेट मस्टरच्या भीतीने माणसे घाटात जेवढी घाई करतात तेवढी एरवी कशानेच करत नाहीत.

पंचांगही जवळ असावे. तुळजाभवानीच्या दर्शनाला मंगळवारी, शुक्रवारी, रविवारी आणि पौर्णिमेला गर्दी असते आणि पौष महिन्यातील शाकंभरी नवरात्रात ती आणखी वाढते. पायी जाणारे लोक ऊन टाळण्यासाठी रात्री आणि पहाटे चालतात, म्हणजे नेमके तेव्हा, जेव्हा आपल्याला ते दिसत नाहीत. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते. नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवशी शहरातील वाहतूक वळवलेली असल्याने गावाबाहेर पडायलाच जादा वेळ हाताशी ठेवावा लागतो.

कशाने जावे

पहिला पंधरवडा एसटीने जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. सोलापूर बसस्थानकावरून तुळजापूरकडे गाड्या वारंवार सुटतात आणि महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट आहे. डाव्या बाजूच्या खिडकीत बसून रस्ता नीट पाहून घ्यावा : सर्व्हिस रोड कुठे महामार्गाला मिळतो, कोणत्या गावापाशी लोक दुभाजकाच्या फटीतून रस्ता ओलांडतात, कोणत्या ढाब्यासमोर ट्रक कडेला लावलेले असतात, घाटातले कोणते वळण अपेक्षेपेक्षा जास्त वळते. हे एकदा डोक्यात बसले की पुढे स्वतःची गाडी चालवताना धुक्यातही आपण कुठे आहोत याचे भान राहते.

चौघांनी मिळून एक कार काढण्याची पद्धतही चांगली रुळलेली आहे. मात्र वाटणीच्या गाडीत पेट्रोलच्या हिशेबाइतकाच वेगाचाही हिशेब आधी ठरवावा. वेग किती ठेवायचा हे चालवणाऱ्याने ठरवावे, पण ‘हळू घ्या’ म्हणण्याचा हक्क मागे बसलेल्या सगळ्यांना असावा आणि तो शब्द ऐकला जावा.

दुचाकीने रोज नव्वद किलोमीटर करणारेही पुष्कळ आहेत. ज्यांना पर्याय नाही त्यांच्यासाठी पुढे लिहिले आहे. ज्यांना आहे त्यांनी निदान डिसेंबर-जानेवारीत तरी दुचाकी टाळावी.

गाडीची तयारी

दिवाळीनंतर लगेच गाडी मेकॅनिककडे नेऊन ब्रेक लायनर किंवा पॅड, ब्रेक ऑइल, चारही टायर, वायपर आणि सर्व दिवे तपासून घ्यावेत. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. असे जुने तेल उतारावर ब्रेक तापल्यावर उकळू लागते आणि पेडल मऊ पडते. म्हणून तेल दिसायला ठीक असले तरी साधारण दोन वर्षांनी बदलावे. टायरमधील हवा तापमान पाच-सहा अंशांनी उतरले की सुमारे एक पीएसआयने कमी होते, त्यामुळे ऑक्टोबरच्या दुपारी भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे कमी भरते. हवा सकाळी, गाडी फारशी न चालवता, जवळच्या पंपावर तपासावी.

काच आतून धुरकटते तेव्हा फडक्याने पुसत बसणे धोक्याचे आहे. एसी चालू करून हवेचा झोत पुढच्या काचेवर सोडावा, आतलीच हवा फिरवण्याचे बटण बंद ठेवावे आणि हवा थोडी कोमट करावी. एसी हवेतील ओलावा काढून घेतो आणि काच मिनिटाभरात स्वच्छ होते. काच बाहेरून धुरकटत असेल तर मात्र एसीचा गारवा कमी करावा आणि वायपर फिरवावा. आतल्या बाजूने काचेवर साठलेला धुळीचा आणि सिगारेटचा थर धुके धरून ठेवतो, म्हणून आठवड्यातून एकदा ती साबणाच्या पाण्याने पुसावी.

दुचाकीस्वाराने अंगावर जर्किन घालण्याआधी छातीवर जुन्या वर्तमानपत्राची घडी ठेवावी. हा उपाय हास्यास्पद वाटला तरी घाटमाथ्यावरचा बोचरा वारा त्याने खरोखर अडतो. हातमोजे बोटांना ब्रेकचा दांडा नीट जाणवेल इतपतच जाड असावेत. गारठलेली बोटे उशिरा आवळली जातात आणि तेवढ्या वेळात गाडी बरीच पुढे जाते. मफलरची टोके जर्किनच्या आत खोचावीत. हेल्मेटची काच रंगीत नसावी. ती श्वासाने धुरकटत असेल तर आतून भांड्याच्या साबणाचा अगदी पातळ हात फिरवून कोरड्या कापडाने पुसावी आणि चालवताना काच बोटभर उघडी ठेवावी. दुचाकीचा पुढचा दिवा १ एप्रिल २०१७ नंतरच्या गाड्यांना आपोआप चालू राहतो, पण मागचा लाल दिवा जळतो का, हे रोज निघण्याआधी पाहावे, कारण धुक्यात मागून येणाऱ्याला आपण तेवढेच दिसतो.

धुक्यात गाडी चालवणे

सगळ्या नियमांचा पाया एकच आहे : जेवढे दिसते तेवढ्या अंतरात गाडी थांबवता आली पाहिजे. कोरड्या रस्त्यावर, ब्रेक चांगले असताना आणि भान येऊन पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद धरला तर ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी थांबायला साधारण २८ ते ३० मीटर लागतात, ६० च्या वेगाला पन्नासच्या आसपास आणि ८० ला सुमारे पंचाहत्तर. दवाने ओल्या झालेल्या रस्त्यावर हे अंतर आणखी वाढते. हे आकडे चालवताना आठवणार नाहीत, म्हणून मोजण्याची सोपी रीत ठेवावी. रस्त्याकडेचे एखादे झाड धुक्यातून दिसू लागले की मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असे मोजावे. झाडापर्यंत पोहोचायला चार सेकंदांपेक्षा कमी लागत असतील तर वेग जास्त आहे. ही मोजणी चमकणाऱ्या रिफ्लेक्टरवर करू नये, कारण तो लांबून दिसतो. आपल्याला ज्याची धडक टाळायची आहे ते बहुधा चमकत नसते.

दिवे लोअरवर ठेवावेत. अपर लावला की प्रकाश धुक्याच्या कणांवरून परत डोळ्यांवर येतो आणि समोर पांढरा पडदा उभा राहतो. फॉग लॅम्प असतील तर लावावेत, पण धुके संपताच बंद करावेत. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवण्याची जी सवय सर्रास दिसते, ती सोडावी. त्यामुळे गाडी उभी आहे की चालते आहे हे मागच्याला कळत नाही आणि वळताना आपण दिलेला इशाराही त्यात हरवतो. गाणी बंद करावीत आणि खिडकी थोडी खाली घ्यावी, कारण ट्रॅक्टरचा आवाज तो दिसण्याच्या आधी कानावर पडतो.

डाव्या लेनच्या मधोमध चालावे, अगदी कडेच्या पट्टीवर नाही, कारण त्या पट्टीवर चालणारे भाविक असतात, बंद पडलेले ट्रक असतात आणि पुढच्या फटीपर्यंत जाण्याचा कंटाळा करून उलट्या दिशेने येणारे दुचाकीस्वारही असतात. पुढच्या गाडीच्या लाल दिव्यांना धरून मागोमाग जाण्याचा मोह होतो, तो आवरावा. तो चुकला तर आपणही चुकतो आणि त्याने ब्रेक मारला तर आपल्याला जागा उरत नाही.

अजिबातच दिसेनासे झाले तर थांबायचे, पण रस्त्याच्या कडेला नव्हे. तामलवाडीच्या टोलनाक्याच्या आसपास उजेड आणि माणसांची जाग असते. घाटाकडे जायचे की थांबायचे याचा निर्णय तिथे घ्यावा. पुढे एखाद्या ढाब्याच्या किंवा पेट्रोल पंपाच्या आवारात, रस्ता पूर्ण सोडून गाडी लावावी आणि चहा घ्यावा. अर्धा-पाऊण तासात बहुधा वाट मोकळी होते.

उसाच्या गाड्या

सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर आहेत आणि गाळप हंगाम नेमका थंडीत चालतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रात्रंदिवस रस्त्यावर असतात. ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना आणि मागे उसाची टोके हात-दीड हात बाहेर आलेली असतात, त्यामुळे मागे लावलेला रिफ्लेक्टर असला तरी पाचटाखाली झाकला जातो. मागची बाजू रात्री काळ्या ढिगासारखी दिसते आणि पुढच्या ट्रॅक्टरचा दिवा समोरून येणाऱ्याला दुचाकीसारखा भासतो. एकच दिवा येताना दिसला की ती रुंद गाडी आहे असे धरूनच अंतर ठेवावे.

चढावर अशा ट्रॉलीच्या मागे चिकटून थांबू नये. भार जास्त झाला की ट्रॅक्टर दम टाकतो, क्वचित मागे सरकतो आणि सोबतचा माणूस उडी मारून चाकाखाली दगड लावतो. ट्रॅक्टर पुढे निघाला की दगड मात्र तिथेच राहतो. रात्री कारला त्याने ऑइल चेंबर फुटते आणि दुचाकीला तर सरळ आडवे पाडते. रस्त्यावर झाडाच्या तोडलेल्या फांद्या ठेवलेल्या दिसल्या, तर त्याचा अर्थ पुढे गाडी बंद पडली आहे असा घ्यावा आणि फांद्या संपल्यावरही शंभर-दोनशे मीटर वेग वाढवू नये, कारण दगड तिथेच असतात. सांडलेला ऊस आणि चिरडलेल्या पाचटाचा चिकट थर वळणावर दुचाकीला घसरवतो. त्यावर ब्रेक न मारता आणि न वळवता सरळ निघून जावे.

संध्याकाळचा उतार

सकाळी चढ आणि संध्याकाळी उतार असा आपला क्रम आहे, म्हणजे माणूस थकलेला असतो तेव्हा गाडी खाली उतरवायची असते. पाचला सुटणाऱ्या शिक्षकांना दक्षिणेकडे येताना मावळतीचे ऊन उजवीकडून डोळ्यांत येते, तेव्हा पुढची काच स्वच्छ असणे आणि सावलीची पट्टी बाजूला वळवता येणे महत्त्वाचे ठरते. सव्वासहाला सुटणाऱ्यांना अंधारच गाठतो.

उतरताना गाडी न्यूट्रल करून तेल वाचवण्याचा विचारही करू नये. आधुनिक इंजिन गिअरमध्ये असताना आणि ॲक्सिलरेटर सोडलेला असताना इंधन जवळपास घेतच नाही, त्यामुळे वाचत काही नाही आणि इंजिनाचा अटकाव मात्र जातो. इंजिन बंद केले तर ब्रेकला मिळणारी ताकद दोन-चार दाबांत संपते, स्टिअरिंग जड होते आणि चावी काढली तर ते लॉकही होते. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, ही जुन्या ड्रायव्हरांची शिकवण आजही खरी आहे. ब्रेकवर पाय ठेवून राहण्यापेक्षा वळणाआधी एकदा नीट दाबून वेग कमी करावा आणि सोडावा. जळका वास आला किंवा पेडल खोल जाऊ लागले तर सुरक्षित जागा पाहून थांबावे आणि चाके आपोआप निवू द्यावीत, त्यांवर पाणी ओतू नये.

स्कूटरवाल्यांनी विशेष लक्ष द्यावे. गिअरलेस स्कूटरचा वेग फार कमी झाला की तिचा क्लच सुटतो आणि इंजिनाचा अटकाव मिळेनासा होतो, म्हणून सगळा भार ब्रेकवर येतो. दोन्ही ब्रेक एकत्र, हलक्या हाताने आणि थांबून थांबून वापरावेत.

रस्ता अरुंद असेल, दुरुस्तीसाठी एकच बाजू चालू असेल, तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी. हा सौजन्याचा भाग तर आहेच, पण वाहतुकीच्या नियमांतही तसेच लिहिलेले आहे. चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा उचलणे अवघड असते.

बंद पडल्यास किंवा अपघात दिसल्यास

गाडी शक्य तेवढी डावीकडे घेऊन चारही इंडिकेटर लावावेत. ते याच वेळेसाठी असतात. लाल त्रिकोण गाडीच्या मागे ठेवावा, पण गाडी वळणाच्या पुढे थांबली असेल तर तो वळणाच्या अलीकडे नेऊन ठेवावा, नाहीतर तो दिसतो आणि लगेच गाडीही समोर येते. माणसांनी गाडीत किंवा दोन गाड्यांच्या मध्ये न थांबता कठड्यापलीकडे, जागा सुरक्षित असेल तर, उभे राहावे. राष्ट्रीय महामार्गाची मदत १०३३ वर, रुग्णवाहिका १०८ वर आणि पोलीस ११२ वर मिळतात. फोनवर ‘घाटात’ एवढेच सांगून भागत नाही. जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि आपण चढत होतो की उतरत होतो हे सांगावे, कारण दुभाजकामुळे चुकीच्या बाजूने आलेल्या गाडीला लांबून वळसा घालावा लागतो. दुसऱ्याचा अपघात दिसला तर पोलिसांच्या चौकशीच्या धास्तीने पुढे निघून जाऊ नये. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम १३४-अ नुसार सद्भावनेने मदत करणाऱ्यावर जखमीला झालेल्या इजेची दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि त्याला स्वतःचे नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही.